अनद्यतनांची बाजू

'अपडेट' या इंग्रजी शब्दाला मराठीत 'अद्यतन' असा प्रतिशब्द रूढ होऊ पाहत आहे. शब्द वाईट नाही. 'अद्य' म्हणजे आज. जे आजचे ते अद्यतन. शाळेत संस्कृताची रूपे पाठ केलेल्या वाचकांना मात्र हा शब्द ऐकताच त्याचे दुसरे टोक आठवल्यावाचून राहणार नाही. लङ् लकाराला वैयाकरणांनी 'अनद्यतन भूत' म्हटले आहे: जे होऊन गेले, पण आज झालेले नव्हे, ते सांगण्याचा काळ. जे आजचे नाही त्यासाठीही व्याकरणाने क्रियापदाची स्वतंत्र रूपे राखून ठेवली. घरातल्या संगणकाला हे औदार्य ठाऊक नाही. त्याच्या लेखी कालचे ते जुने, आणि जुने ते दुरुस्त करण्याजोगे. तेही मालक झोपलेला असताना.

प्रस्तुत लेखात आम्ही अनद्यतनांची बाजू मांडू इच्छितो. घरच्या संगणकात न विचारता येऊन बसलेली आणि नकोशी ठरलेली अद्यतने काढून टाकण्याचा वापरणाऱ्याला हक्क असावा, तो हक्क बजावण्याची वाट सोपी असावी, आणि तो बजावताना कोणता विवेक पाळावा याचाही विचार व्हावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा यंत्रतंत्राचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, कोणता पाठ ठेवावा आणि कोणता काढावा हा प्रश्न मुळात आपल्याच घरचा आहे.

०००

प्रथम जे घडले ते सांगतो.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी काही वर्षांपूर्वी निवर्तले. विद्यार्थिदशेत ते एका राष्ट्रीय शाळेच्या वसतिगृहात वाढले होते, आणि त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी दोन जाड वह्यांत लिहून ठेवल्या होत्या. वह्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांतली काही पाने ओलीने एकमेकांना चिकटली होती, काहींवरची शाई पसरली होती. दोन पावसाळे बसून आम्ही तो मजकूर संगणकावर उतरवून घेतला. दोनशे बारा पाने झाली. देवनागरी टंकनासाठी आम्ही एक साधन वापरत असू. ते कोणत्या कंपनीचे, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. एके रात्री त्या साधनाने स्वतःला अद्ययावत करून घेतले. सकाळी पडद्याच्या कोपऱ्यात सुधारणा पूर्ण झाल्याची सूचना होती. आम्ही ती वाचली, बरे वाटले, आणि कामाला लागलो.

आठ-दहा दिवसांनी मुद्रितांसाठी मजकूर मोठ्याने वाचत असता एका वाक्यापाशी अडलो. 'आचार्यांनी आमटीत दुप्पट मीठ घातले, म्हणून त्यांचा त्या दिवसाचा रोज कापण्यात आला.' शाळेचे आचार्य आमटी करीत नसत, आणि त्यांचा रोज कापण्याची कोणाची छाती नव्हती. मुळात ते आचारी होते. 'आचाऱ्यांनी' याचे 'आचार्यांनी' झाले होते.

मराठी वाचकाला हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही, पण संगणकाला तो समजावून सांगावा लागतो. पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढणारा रफार वेगळा, आणि ओळीतच आडवा राहणारा अर्धा र वेगळा. एकाने 'दर्या' होतो, दुसऱ्याने 'दऱ्या' होतात. एकाने समुद्र, दुसऱ्याने डोंगरांमधल्या खोल जागा. हा आडवा र साठवताना आमचे साधन अक्षरांच्या मध्ये एक जोडचिन्ह घालीत असे. ते चिन्ह डोळ्यांना दिसत नाही. त्याचे काम इतकेच की र वर चढू नये. नव्या अद्यतनाने मजकुरातली अदृश्य चिन्हे कचरा समजून झाडून टाकली. जी फाईल आम्ही उघडली आणि जतन केली, तिच्यातला एकूण एक आडवा र रफार होऊन बसला.

येथे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'वऱ्हाड' याचे 'वर्हाड' झाले, 'तऱ्हा' याची 'तर्हा' झाली, त्या चुका निरुपद्रवी होत्या. कारण त्या चुका आहेत हे पाहताक्षणी कळत होते. घातक होत्या त्या शुद्ध दिसणाऱ्या चुका. 'आचार्यांनी' हा शब्द शब्दकोशाला मान्य, व्याकरणाला मान्य, शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रालाही मान्य. तो तेथे नको आहे हे केवळ ती आमटी ज्याला ठाऊक आहे तोच सांगू शकतो. नकलकाराच्या ढोबळ चुकांपेक्षा त्याने शहाणपणाने केलेल्या दुरुस्त्या अधिक फसव्या, हे जुन्या पोथ्यांच्या संपादकांनी आपल्याला शिकवून ठेवले आहेच. आमच्या घरात तोच नकलकार वीजेवर चालत होता.

आमचा एक जुना विद्यार्थी संगणकदुरुस्तीचे काम करतो. त्याला बोलावले. त्याने पंधरा मिनिटांत नवी आवृत्ती काढून जुनी बसवली, आणि जाताना म्हणाला, "सर, प्रोग्रॅम मागे नेला. पण मजकूर मागे जात नाही हं."

हे वाक्य आम्ही विसरलेलो नाही. अद्यतन काढून टाकणे आणि अद्यतनाने केलेले काढून टाकणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिलीला कधी कधी एक कळ पुरते. दुसरीला वाचक लागतो.

०००

आमचे दुःख लहान होते. पण वापरणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न लहान नाही, आणि त्याचा एक मोठा, सर्वज्ञात इतिहास आहे. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० ही प्रणाली आणली आणि विंडोज ७ व ८.१ वापरणाऱ्यांना ती एक वर्ष विनामूल्य देऊ केली. देणगी चांगली होती. देण्याची रीत चांगली नव्हती. त्याआधीच, २०१५ च्या वसंतात, लक्षावधी घरगुती संगणकांत 'केबी ३०३५५८३' या क्रमांकाचे एक अद्यतन येऊन बसले होते. दिसायला ते इतर दुरुस्त्यांसारखेच, त्यांच्याच रांगेतून आलेले. प्रत्यक्षात ते नव्या प्रणालीची जाहिरात करणारे होते: पडद्याच्या कोपऱ्यात खिडकीची एक खूण आणि 'घ्या, घ्या' असा अखंड आग्रह.

लोकांनी ते काढून टाकले. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन, बसवलेल्या अद्यतनांच्या यादीत तो क्रमांक शोधून, 'अनइन्स्टॉल' करून, पुन्हा येऊ नये म्हणून यादीतून लपवून. काही दिवसांनी ते सुधारित रूपात पुन्हा यादीत हजर. २०१६ च्या फेब्रुवारीत नवी प्रणालीच 'शिफारस केलेल्या' अद्यतनांत घालण्यात आली, आणि त्यामुळे अनेक संगणकांवर ती आपोआप उतरू लागली. त्याच वर्षी मे महिन्यात तर कळस झाला. सूचनेच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यात जी फुली असते, ती दाबली तर चौकट बंद होते आणि बंद करणे म्हणजे नकार, हे वापरणाऱ्यांना कंपनीनेच वर्षानुवर्षे शिकवले होते. आता त्या चौकटीत ठरवून दिलेल्या वेळेला फुलीने बाध येत नव्हता. फुली मारली तरी संमती कायम. पुष्कळ आरडाओरड झाल्यावर 'नको' म्हणण्यासाठी स्पष्ट पर्याय देण्यात आला. तोवर विनामूल्य मुदत संपायला जेमतेम महिना उरला होता.

आम्ही भाषेची माणसे. आम्हांला या सगळ्यात यंत्रापेक्षा चिन्हाचा द्रोह अधिक खुपतो. फुलीचा अर्थ नकार. शाळेतल्या पाटीपासून उत्तरपत्रिकेपर्यंत सर्वांनी तो मानला आहे. ज्या दिवशी फुलीचा अर्थ होकार केला जातो, त्या दिवशी वापरणारा आणि वापरायला देणारा यांच्यामधली भाषाच मोडते, आणि मोडलेल्या भाषेत विश्वास ठेवता येत नाही.

त्याच २०१६ च्या ऑक्टोबरापासून विंडोज ७ आणि ८.१ यांची अद्यतने सुटी मिळेनाशी झाली. महिन्याची एकच मोट. घ्यायची तर सगळी, टाकायची तर सगळी. कंपनीची बाजू अशी की, प्रत्येकाने आपापल्या मर्जीने काही दुरुस्त्या घेतल्या आणि काही टाकल्या तर प्रत्येक संगणक निराळा होतो आणि कोणाचे काय बिघडले ते शोधणे अशक्य होते. या म्हणण्यात तथ्य आहे. पण परिणाम असा झाला की, मोटेतला एक दाणा खडा निघाला तर सबंध मोट टाकणे किंवा खडा चावणे, एवढेच दोन मार्ग उरले.

०००

दुसरी बाजू न मांडणे हा अप्रामाणिकपणा होईल, आणि ती बाजू भक्कम आहे.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका छिद्राची दुरुस्ती पाठवली. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर कार्यक्रम त्याच छिद्रातून जगभर शिरला. दीडशेच्या आसपास देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याने धरले. लोकांच्या फाईली कुलूपबंद करून किल्लीसाठी पैसे मागितले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. दोन महिने आधी आलेली दुरुस्ती ज्यांनी बसवून घेतली होती ते या छिद्रापुरते सुरक्षित होते. ज्यांनी अद्यतनांचे दारच लावून घेतले होते, त्यांना त्या दाराची किंमत मोजावी लागली.

म्हणून 'अद्यतने बंदच करून टाका' असा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही. महाजालाला जोडलेला संगणक दुरुस्तीवाचून ठेवणे म्हणजे रस्त्यावरच्या घराला कडी न लावणे. त्यात आपल्याबरोबर शेजाऱ्याचेही नुकसान असते. कारण असा रोग एका घरात थांबत नाही.

परंतु याच कारणासाठी आमचा आक्षेप अधिक तीव्र होतो. ज्या नळाने औषध यायचे त्याच नळाने जाहिरात सोडली, तर लोक नळच बंद करतात. वैद्याने पुडीत औषधाऐवजी आपल्या नव्या दुकानाचे पत्रक बांधून दिले, तर दुसऱ्या वेळी रोगी पुडी उघडतच नाही. आणि नेमकी त्या वेळी पुडीत मात्रा असते. नकोशी अद्यतने वापरणाऱ्याच्या माथी मारण्याचा खरा तोटा हा की, त्यामुळे हव्याशा अद्यतनांवरचाही विश्वास उडतो.

शिवाय औषध देणाऱ्याचाही हात चुकतो. २ ऑक्टोबर २०१८ रोजी निघालेले विंडोज १० चे अर्धवार्षिक अद्यतन चार दिवसांत थांबवावे लागले. कारण काही जणांच्या संगणकांतील 'डॉक्युमेंट्स'सारख्या जागांमधल्या फाईली त्याने पुसून टाकल्या. दुरुस्त करून ते १३ नोव्हेंबरला पुन्हा आणले. फाईली गेल्याच्या तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच होत्या, असे कंपनीने सांगितले. संख्याशास्त्राला हे समाधानकारक वाटेल. पण त्या एकाच्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये प्रबंध असेल तर त्याला उरलेल्या नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवांचे काय करायचे? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवीत बंद पडले. ते बहुतांशी कार्यालयांतले आणि विमानतळांवरचे होते; पण इलाज अगदी घरगुती निघाला. कित्येक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सुरक्षित अवस्थेत सुरू करून, ती सदोष फाईल हाताने काढून टाकली.

०००

आता आपल्या घरच्या परंपरेकडे वळू.

पोथीत चुकलेले अक्षर काढायचे तर जुने लेखक त्यावर हरताळ लावीत. हा पिवळा खनिज रंग. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथून आला. आज आपण तो एखादे तत्त्व धाब्यावर बसवले की वापरतो, पण मुळात ती संपादकाची प्रामाणिक खूण होती. येथे काही होते आणि ते काढले आहे, हे पिवळा डाग सांगत राही. पुढच्या वाचकाला निदान संशय घेण्याची संधी मिळे.

आणि मराठीतील सर्वांत प्रसिद्ध पाठशुद्धी आठवा. ज्ञानेश्वरी लिहिली जाऊन तीनशे वर्षे होत आली होती. नकला होत गेल्या, पाठ बदलत गेले, मूळचा शुद्ध ग्रंथ मिसळीने अशुद्ध झाला. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी प्रती जमवून त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. आजच्या भाषेत बोलायचे तर, तीन शतकांत न विचारता येऊन बसलेली अद्यतने त्यांनी काढून टाकली. पण ते करताना नाथांनी तीन गोष्टी केल्या. ग्रंथाच्या अखेरीस ओव्या घालून आपण हे काम केले असे सांगितले. ते कोणत्या शकात केले ते सांगितले. का केले ते सांगितले. आणि यापुढे कोणी यात स्वतःची ओवी घालू नये, अशी कडक ताकीदही देऊन ठेवली.

कर्ता, काल आणि कारण. दुरुस्तीला वैधता येते ती या तीन गोष्टींनी. चौथी गोष्ट नाथांच्या काळात आपोआप होती: जुन्या प्रती लोकांच्या घरी राहिल्या. नाथांची प्रत सर्वमान्य झाली तरी कोणाच्या देव्हाऱ्यातली पोथी रात्रीत बदलली नाही. म्हणूनच १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांना आपल्या हाती आलेल्या एका जुन्या प्रतीवरून निराळ्या पाठाची ज्ञानेश्वरी छापता आली आणि ती नाथपूर्व आहे असा दावा करता आला. त्या दाव्यावर वाद झाले. परंतु वाद होऊ शकले, कारण मागे जायला वाट होती. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. पण त्याआधी छापलेल्या पुस्तकांतल्या बिंदूंना कोणी हात लावला नाही. ते आजही आपल्या कपाटांत आपापल्या जागी आहेत, आणि विद्यार्थ्याला जुन्या मराठीचा उच्चार आणि विभक्ती त्यांवरून समजते.

विद्युत् पुस्तकाला हे संरक्षण नाही. २००९ च्या जुलैत ॲमेझॉनने ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म' या पुस्तकांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असे कारण दिले आणि पैसे परत केले. पुस्तकांची ही निवड नियतीनेच केली असावी. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमा मागितली. पण त्यात अमेरिकेतील एका विद्यार्थ्याची तक्रार आम्हांला अधिक बोलकी वाटते: पुस्तकाबरोबर त्याने काढलेली टिपणे निराधार झाली, कारण ती ज्या पानांविषयी होती ती पानेच उरली नाहीत. यंत्र आपले, टिपणे आपली, पण पाठ दुसऱ्याच्या हातात. घरच्या संगणकाची स्थिती याहून फार निराळी नाही.

०००

मग घरच्या माणसाने करावे काय? नाथांच्या कसोटीला अनुसरून, प्रत्येक अद्यतनाला चार प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवतो. कोणी पाठवले? कधी आले? कशासाठी आले? आणि परत पाठवता येते का?

पहिल्या तिन्हींची उत्तरे विंडोजमध्ये मिळू शकतात. 'सेटिंग्ज'मध्ये 'विंडोज अपडेट' आणि त्यात 'अपडेट हिस्टरी' उघडली की यादी येते: क्रमांक, दिनांक, प्रकार. क्रमांकापुढची माहिती कंपनीच्या स्थळावर वाचता येते. विंडोज १० च्या बाबतीत तर पहिले काही महिने हा तपशील तोकडा असे आणि ओरड झाल्यावर २०१६ पासून तो नीट प्रसिद्ध होऊ लागला. बिघाड ज्या दिवशी सुरू झाला त्याच्या आसपासचा दिनांक शोधावा. त्याच पानावर खाली 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हा पर्याय असतो. तेथून एका वेळी एकच अद्यतन काढावे, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि बिघाड गेला की नाही ते पाहावे. दोन-तीन एकदम काढली तर दोषी कोणते ते कधीच कळत नाही. संपादकाने एका वेळी एकच पाठभेद तपासावा, तसेच हे. संगणक सुरूच होत नसेल तर बिघाडाच्या वेळी येणाऱ्या निळ्या दुरुस्ती-पडद्यावरही अद्यतने काढण्याची सोय आहे.

काही अद्यतनांना 'अनइन्स्टॉल'चा पर्यायच नसतो. ती पायाची असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. काढलेले अद्यतन दुसऱ्या दिवशी परत येते, म्हणून काढल्याबरोबर अद्यतने काही दिवस थांबवून ठेवावीत. घरगुती विंडोज १० मध्ये ही सोय सुरुवातीला नव्हती. २०१९ च्या मे महिन्यातील आवृत्तीपासून सात-सात दिवस करून पस्तीस दिवसांपर्यंत थांबता येऊ लागले. हा अवधी दोष दुरुस्त होऊन येण्यासाठी आहे, कायमचे दार लावण्यासाठी नव्हे. सबंध आवृत्तीच बदलली असेल तर 'रिकव्हरी'मध्ये मागे जाण्याचा पर्याय मिळतो. पण तो एरवी दहाच दिवस. २०१५ साली ही मुदत एक महिन्याची होती, पुढच्याच वर्षी ती दहा दिवसांवर आली. अकराव्या दिवशी जुनी प्रत यंत्रातून जाते आणि परतीची वाट बंद होते. घरी आलेल्या पाहुण्यालाही आपण दहा दिवसांत ओळखत नाही, आणि येथे प्रणालीची पारख तेवढ्यात करायची असते. ही मुदत वाढावी, ती वापरणाऱ्याला सहज वाढवता यावी, आणि ती संपण्याआधी ठळक सूचना मिळावी, अशी मागणी करण्यात काहीही मागासलेपण नाही.

आणि सर्वांआधी, इतर काहीही करण्यापूर्वी, आपल्या मजकुराची प्रत संगणकाबाहेर ठेवावी. दोन ठेवाव्यात. हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी करीत नाही. आम्हीही केले नव्हते. म्हणजे अर्धवट केले होते.

ज्या विंडोज १० ला टाळण्यासाठी २०१५-१६ मध्ये लोकांनी एवढी धडपड केली, तिचा साधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. कालची जबरदस्तीने आलेली पाहुणी आज स्वतःच अनद्यतन झाली, आणि आता तिला सोडवत नाही म्हणणारेही पुष्कळ आहेत. यातून कोणी असे म्हणेल की, मग विरोध व्यर्थच होता; माणसाला शेवटी सगळ्याची सवय होते. आम्हांला तसे वाटत नाही. विरोध प्रणालीला नव्हता. तो 'नको' या शब्दाचा अर्थ शाबूत राहावा यासाठी होता, आणि 'नको' म्हणण्याचा पर्याय शेवटी स्पष्ट अक्षरांत उमटला तो त्या विरोधामुळेच.

०००

राहता राहिली ती दोनशे बारा पाने.

चार महिन्यांपूर्वीची एक प्रत पेन ड्राइव्हवर सापडली. तिच्यात पहिली एकशे चाळीस पाने जशीच्या तशी होती. उरलेल्या बहात्तर पानांतला प्रत्येक रफार आम्ही वह्यांशी ताडून पाहिला. आचारी स्वयंपाकघरात गेले, आचार्य प्रार्थनेला. दऱ्या सह्याद्रीत गेल्या, दर्या कोकणात. जेथे वहीचे पान ओलीने गेले होते तेथे संदर्भावरून ठरवले. अशा जागा सोळा होत्या, पैकी पंधरा सुटल्या.

सोळावी शेवटच्या पानावर आहे. आमच्या सहकाऱ्यांनी आपल्या घडणीचे ऋण तेथे एका वाक्यात मान्य केले आहे: 'मला माणसांत आणले ते आचार्यांनी.' वहीतल्या त्या ओळीवर शाईचा निळा ढग आहे. आठवणींत दोघांनाही पुरावा आहे. आचार्यांनी त्यांना शिष्यवृत्ती मिळवून दिली, सभेत बोलायला उभे केले. आणि आचाऱ्यांनी, आई गेल्याच्या बातमीनंतर तीन दिवस न जेवलेल्या त्या मुलाला रात्री चुलीपाशी बसवून घेऊन, काही न बोलता ताट वाढले होते. दोघांविषयी ते आदरार्थी बहुवचनातच लिहितात. हे वाक्य आम्ही स्वतःच्या हाताने टंकित केले होते, आणि तेव्हा कोणता र उमटवला होता ते आम्हांला आठवत नाही.

कोणता पाठ स्वीकारावा यावर आम्ही पुष्कळ विचार केला. कठीण पाठ अधिक विश्वसनीय, हे तत्त्व लावले तर आचारी निवडावा लागेल. आमचे मनही तिकडेच ओढ घेते. पण मनाच्या ओढीला पाठ म्हणणे हेही न विचारता केलेले अद्यतनच. म्हणून पुस्तकात आम्ही वाक्य छापणार आहोत आणि खाली टीप देणार आहोत: या जागी मूळ शब्द 'आचार्यांनी' किंवा 'आचाऱ्यांनी' असा असावा, वहीचे पान ओलीने अवाच्य झाले आहे, आणि टंकित प्रतीतील भेद संपादकांच्या संगणकात एका अद्यतनाने नष्ट झाला. खाली दिनांक आणि आमची सही.